पार्टी सांभाळायची कुणी? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळच्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं स्टुडंट क्लब चालवणाऱ्या मुलामुलींची निघाली. नवीन कमिट्या झाल्यात, आणि नवीन कमिटीचं पहिलं काम काय तर पार्टी. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलते, यावेळी फक्त पार्टी. नावं कुणाचीच छापत नाहीये, काळजी नको.

ताई, मी आमच्या सोशल क्लबची नवीन प्रेसिडेंट. पहिलीच पार्टी, दीडशेच्या आसपास लोक, भाड्याचा हॉल. सीनियर म्हणतात दरवर्षी होते, काही होत नाही, तू उगाच टेन्शन घेतेस. पण मला झोप लागत नाहीये. सुरुवात कुठून करू? – झोप उडालेली प्रेसिडेंट

तुझी झोप उडालीये म्हणजे निदान एक माणूस तरी विचार करतोय, बरंच आहे. 'दरवर्षी काही होत नाही' म्हणतात ना, तिथे बहुतेक वेळा दरवर्षी कुणीतरी न पिता मागे उभं राहून गुपचूप निस्तरत असतं आणि त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. यंदा ती माणसं आधीच ठरव आणि कागदावर लिही.

'आपण सगळेच लक्ष ठेवू' हे वाक्य मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की तिथेच थांबव, कारण सगळे म्हणजे कुणीच नाही. दारावर कोण, ड्रिंक्सच्या टेबलामागे कोण, हॉलमध्ये आणि बाथरूम, जिना, पार्किंग अशा कोपऱ्याकोपऱ्यात फिरणारे कोण, आणि चार्ज केलेला फोन, हॉलच्या किल्ल्या, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर, हॉलचा अचूक पत्ता हे सगळं एकाच खिशात ठेवणारं कोण. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव हवं. ही माणसं त्या रात्री अजिबात पिणार नाहीत, 'एकच घेतो' वगैरे नाही. किती लागतील म्हणशील तर माझा आपला हिशोब वीस-पंचवीस पाहुण्यांमागे एक, म्हणजे तुला सहा ते आठ जण लागतील. आणि त्यातल्या एकाला पार्टी थांबवायचा अधिकार दे. त्याने हात वर केला की म्युझिक बंद, लाइट चालू, कुणी वाद घालायचा नाही. हे डीजेला आणि हॉलच्या मॅनेजरला आधी सांगून ठेव, ऐनवेळी ओळख करून देत बसायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट दाराची. हॉलची क्षमता किती ते मॅनेजरकडून लेखी घे, तोंडी 'बसतील हो दोनशे' चालणार नाही. दारावर मोजायला माणूस ठेव, हॉल भरला की एक बाहेर तर एक आत. पाहुण्याचा पाहुणा, त्याचा रूममेट, रूममेटचा भाऊ, इथेच गणित बिघडतं, म्हणून यादी आधी बंद करा आणि दारावर अशा कुणाला बसवा ज्याला 'नाही' म्हणता येतं. (मनमिळाऊ माणूस दारावर नको, त्याला डान्स फ्लोअरवर पाठवा.) आणि गर्दीचा धोका हॉलच्या आतच असतो असं समजू नकोस. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कोचीच्या कुसॅट विद्यापीठात टेक फेस्टमधल्या संगीताच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेर थांबलेली माणसं एकदम गेटमधून आत घुसली, आत लगेच उतरत्या पायऱ्या, आणि चार जीव गेले. कार्यक्रम सुरूसुद्धा झाला नव्हता. त्यामुळे बाहेर रांगेत थांबलेल्यांचा विचार आत नाचणाऱ्यांइतकाच करायचा, पाऊस आला तर ते कुठे उभे राहणार इथपर्यंत. एका चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसं उभी राहिली की हालचाल अवघड होत जाते, सहाच्या पुढे तर माणूस स्वतःच्या मर्जीने हलतच नाही, गर्दी त्याला हलवते.

परवानग्या, दारूच्या वयाची अट, लायसन्स हे जागोजागी वेगळं, त्यामुळे कॉलेजचे नियम आणि हॉलचं अ‍ॅग्रीमेंट स्वतः वाच. सही तुझी असणार, सीनियरची नाही.

आमच्याकडे वाद चाललाय की दारू ठेवायची की नाही. ठेवली तर प्रत्येकी किती? एक मित्र म्हणतो बिअरने काही होत नाही. – खजिनदार

ठेवायची की नाही हे तुमच्या नियमांवर आणि पाहुण्यांच्या वयावर ठरेल. एक जरी पाहुणा कायद्याच्या वयाखाली असेल आणि त्याला वेगळं ओळखायची पक्की सोय नसेल, तर माझं मत सरळ आहे, ठेवू नका. बिनदारूची पार्टी बोअर झाली तर समजा की म्युझिक आणि खाणं बोअर होतं, दोष तिथे आहे.

ठेवणार असाल तर मित्राला हा हिशोब दाखव. बऱ्याच देशांत एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात (ब्रिटनमध्ये ८, अमेरिकेत १४). अल्कोहोलचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण ०.८ ग्रॅम. आता ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये १३ ग्रॅम, आणि ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत जवळजवळ ४१ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत चार ड्रिंक्स! व्हिस्की-व्होडकाच्या ३० मिलीत १० ग्रॅम. म्हणजे 'फक्त दोन बिअर घेतल्या' म्हणणाऱ्याने कदाचित आठ पेग घेतलेले असतात आणि त्याला ते खरंच माहीत नसतं.

लिव्हर याचा निचरा एका ठरलेल्या वेगाने करतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, लिंबू, पळून येणं, कशानेही हा वेग वाढत नाही, कॉफीने फक्त जागा असलेला दारुडा मिळतो. रात्री बारापर्यंत आठ ड्रिंक्स झाली असतील तर सकाळी आठलासुद्धा शरीरात थोडी शिल्लक असू शकते, आणि हाच माणूस 'आता फ्रेश आहे' म्हणून नऊच्या प्रॅक्टिकलला गाडी काढतो.

म्हणून मी काय करेन सांगते. प्रत्येकाने आपलं आपण ओतून घ्यायचं बंद, टेबलामागे न पिणारा माणूस आणि मापाचा पेला. मोठ्या टबात सगळं मिसळून केलेलं ते रंगीत 'पंच' तर अजिबातच नको, त्यात किती काय आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं आणि गोड असल्यामुळे पिणाऱ्याला कळत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळणं पण बंद, कारण कॅफिनमुळे चढल्याचं जाणवत नाही पण चढलेली असते तेवढीच. शॉट्सच्या स्पर्धा, ड्रिंकिंग गेम्स नकोत, खेळात माणूस तहान किंवा मजा बघून पीत नाही, हरला म्हणून पितो. खाणं सुरुवातीपासून ठेवा, शेवटी नको, पोट भरलेलं असेल तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं. पाणी दिसेल असं, चार ठिकाणी, फुकट. आणि बार पार्टी संपायच्या तासभर आधी बंद, त्या वेळात गरम काहीतरी खायला काढा म्हणजे कुणाला राग येत नाही.

'प्रत्येकी किती' याला एकच आकडा देत नाही कारण तेवढ्याच दारूने सगळ्यांना सारखी चढत नाही. बारीक माणसाला जास्त. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने त्याच वजनाच्या मुलापेक्षा जास्त. झोपेच्या, अ‍ॅन्झायटीच्या किंवा जबर पेनकिलर गोळ्या चालू असतील त्यांना एक पेगही धोक्याचा, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. कूपन काढायची असतील तर मोजकी काढा आणि ट्रान्सफर चालणार नाही असं लिहा, ते आपलं लिहायचं, मित्रमैत्रिणी वाटून घेणारच, म्हणून टेबलामागचा माणूस महत्त्वाचा.

एक शेवटचं, स्वस्तात कुणाकडून तरी आणलेली सुटी, बिनलेबलची दारू क्लबच्या पार्टीत यायलाच नको. त्यात मिथेनॉल असेल तर चवीने कळत नाही, त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होतो, डोळ्यांपुढे धुरकट होतं, दृष्टी कायमची जाऊ शकते, माणूस जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी कुणी 'अंधुक दिसतंय' म्हणालं तर हँगओव्हर समजून झोपवायचं नाही, लगेच हॉस्पिटल, कारण यावर उतारा आहे पण तो वेळेत द्यावा लागतो.

मागच्या पार्टीत एक ज्युनियर इतका प्यायला की उठेना. आम्ही त्याला रूममध्ये नेऊन झोपवलं, सकाळी ठीक होता. पण मला अजून वाटतं की आम्ही हॉस्पिटलला न्यायला हवं होतं. सगळे म्हणत होते कॉलेजला कळलं तर क्लब बंद होईल. – नाव नको

तुला जे वाटतंय ते बरोबर आहे. तो सकाळी उठला यात तुमचं काही कौशल्य नव्हतं.

'झोपू दे, उतरेल' हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरसुद्धा पोटातली दारू रक्तात जातच राहते, अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही त्याला बेडवर टाकलं तेव्हा तो उतरत नव्हता, अजून चढत होता. अशा वेळी मेंदूचा श्वास चालवणारा भाग गुंगतो, उलटी घशात आली तर खोकून बाहेर टाकायची शरीराची सवय बंद पडते, आणि पाठीवर झोपलेला माणूस स्वतःच्या उलटीने गुदमरतो. शेजारच्या खोलीत मित्र गाणी लावून बसलेले असतात आणि त्यांना पत्ता नसतो.

हॉस्पिटल कधी, तर हलवून, हाक मारून, चिमटा काढून पण उठत नसेल तेव्हा. बेशुद्धीत उलटी होत असेल तेव्हा. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंद जात असतील (घड्याळ लावून मोजा, अंदाज नको). ओठ-नखं निळसर, अंग थंडगार. फिट आली. किंवा डोक्यावर पडलाय आणि मग सुस्तावलाय, इथे तर तो किती प्यालाय याचा हिशोबच करू नका. यातलं एक जरी दिसलं तरी फोन, सगळी जमायची वाट बघायची नाही. आणि मधुमेह असणाऱ्याची शुगर उतरली की तोही दारू चढल्यासारखाच बोलतो, झोकांड्या खातो, हे लक्षात असू द्या.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून म्हणजे परत पाठीवर लोळणार नाही, तोंड किंचित जमिनीकडे. अंगावर पांघरूण. एक माणूस त्याच्याजवळून हलणार नाही. घशात बोटं घालून उलटी काढायची नाही, तोंडात पाणी-कॉफी ओतायची नाही, शॉवरखाली धरायचं नाही, त्याने अंग आणखी गार पडतं. श्वासच थांबला तर छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. तुमच्या कमिटीतल्या दोघांनी तरी हे छाती दाबणं, म्हणजे सीपीआर, शिकून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता 'क्लब बंद होईल' या भीतीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. लक्षणं तुमच्यापैकी कुणाला तरी कळत होती, हो ना? कळूनही फोन झाला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात हेच झालं. विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत (एकाच घरात राहणाऱ्या मुलांचा क्लब) नवीन आलेल्या मुलांना ठरवून पाजलं, एक १९ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला, आणि घरभर माणसं असूनही मदतीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. पुढच्या वर्षी तिथल्या राज्याने कायदा केला, त्यात अशा छळाची शिक्षा तर वाढवलीच पण एक शहाणपणाची गोष्ट पण केली, जो वेळेत मदत बोलावतो आणि त्या माणसाजवळ थांबतो त्याला खटल्यापासून संरक्षण दिलं. कारण त्यांना कळलं की नुसता धाक वाढवला तर फोन आणखी उशिरा येतो.

तुमच्या कॉलेजला हेच लेखी मागा. पार्टीच्या आधी डीनकडे किंवा वॉर्डनकडे जाऊन विचारा की आम्ही मदतीसाठी फोन केला तर फोन करणाऱ्यावर आणि आजारी माणसावर कारवाई होणार का? ते 'नाही' म्हणाले तर तो कागद पोस्टरवर छापा. ते गुळमुळीत बोलले तर निदान क्लबचा स्वतःचा नियम करा की फोन करणाऱ्याला कुणी काही बोलणार नाही, पैसे क्लब भरेल, आणि फोन करायला प्रेसिडेंटची परवानगी लागणार नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. पहिल्या वर्षाची मुलगी पण अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू शकली पाहिजे, कुणाला न विचारता.

मी पीत नाही. पार्टीत प्रत्येक वेळी 'एकदा घेऊन तर बघ', मग टाळ्या, मग ग्लास तोंडाला. आता जावंसंच वाटत नाही. – कोपऱ्यातला

तू कारण देणं बंद कर. गोळ्या चालू आहेत, उद्या मॅच आहे, घरी कळेल, प्रत्येक कारणावर समोरच्याकडे उत्तर तयार असतं. 'नाही घेत' आणि विषय बदल. हातात भरलेला ग्लास ठेव, पाणी असो की ज्यूस, रिकामा हात दिसला की लोकांना भरावासा वाटतो.

पण हे तुझ्यापेक्षा कमिटीला जास्त सांगतेय. न पिणाऱ्यांसाठी कोपऱ्यात कोमट कोल्ड्रिंकची एक बाटली ठेवता आणि बाकी टेबल सजवता, त्यातूनच कळतं पार्टी कुणाची आहे ते. दोन्ही टेबलं सारखीच सजवा, तेच ग्लास, तोच बर्फ, आणि प्रत्येक जगवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. टाळ्या वाजवून पाजणं सुरू झालं की फिरणाऱ्या स्वयंसेवकाने तिथे घुसून तोडायचं, हसत का होईना. आणि नवीन मेंबरकडून 'परंपरा' म्हणून काहीही पिऊन-करून घेणं, तो स्वतः हो म्हणाला तरी, ते हेझिंगच, म्हणजे आपलं रॅगिंग. पन्नास सीनियर बघत असताना दिलेला होकार हा होकार धरायचा नाही.

आमच्या कमिटीतलाच एक सीनियर पिऊन मुलींच्या मागे लागतो. सगळ्यांना माहितीये. 'तो तसाच आहे' म्हणून सोडून देतात. एका मैत्रिणीला तर मागच्या वेळी एकच ड्रिंक घेऊन अचानक काही सुधरेना, तिच्या ड्रिंकमध्ये काही घातलं होतं का माहीत नाही. काय करावं? – चिडलेली मेंबर

पहिलं, सगळ्यांना माहितीये म्हणजे आता कमिटीची जबाबदारी दुप्पट झाली. माहीत नव्हतं म्हणायची सोय राहिली नाही. पुढच्या पार्टीला तो यायला नको. कमिटीवर असेल तर पदावरून बाजूला, आणि हे सांगायला दोघांनी मिळून जा, एकट्या मुलीला पाठवू नका. ज्या मुलींना त्रास झालाय त्यांना तक्रार करायची असेल तर कॉलेजच्या तक्रार समितीकडे त्यांच्यासोबत जा, नसेल करायची तर जबरदस्ती करू नका, तो निर्णय त्यांचा. पण त्याला पार्टीत न घेणं हा निर्णय तुमचा आहे, त्यासाठी त्यांच्या तक्रारीची गरज नाही.

पार्टीत असं काही घडताना दिसलं तर लगेच भांडायला जायची गरज नसते. मध्ये जाऊन 'अगं तुला बाहेर बोलावतायत' म्हणून तिला बाजूला काढता येतं, दुसऱ्याला पाठवता येतं, आणि बिथरणारा माणूस असेल तर सरळ पार्टी थांबवणाऱ्याला सांगता येतं. नंतर तिला विचारा, 'ठीक आहेस का, घरी जायचंय का'. उगाच दहा जणांत चर्चा नको. झोपलेली, झोकांड्या खाणारी, धड बोलता न येणारी व्यक्ती होकार देऊच शकत नाही, हे पार्टीच्या आधी मेसेजमध्ये स्पष्ट लिहून पाठवा, लाजू नका.

मैत्रिणीचं म्हणशील तर घेतलेल्या दारूच्या मानाने अचानक खूप जास्त चढणं, पाय न उचलणं, नंतर मधले तास न आठवणं, ही शंका घेण्यासारखी लक्षणं. काही औषधं लघवीत जेमतेम बारा तास सापडतात, म्हणून असं झालं तर 'सकाळी बघू' नाही, त्याच रात्री हॉस्पिटल, आणि तिथे टेस्ट करायला सांगायचं. तिला कुणासोबत एकटं सोडायचं नाही, अगदी 'मी घरी सोडतो' म्हणणाऱ्या चांगल्या मुलासोबतही नाही, आपल्यातल्या दोघीतिघींनी जायचं. आणि हो, ड्रिंकमध्ये 'काहीतरी' घालणं म्हणजे औषधच असं नाही, न सांगता जास्तीचा पेग ओतणं हे पण तेच. त्याला गंमत म्हणणाऱ्याला टेबलामागे उभं करू नका.

डेकोरेशन माझ्याकडे आहे. थीम एकदम भारी ठरवलीये, काळं कापड, फोम, स्मोक, गॅसचे फुगे, कोल्ड फायर. कॉलेज म्हणतंय फायरची परमिशन घ्या, उगाच अडवतायत. – डेकोरवाला

अडवतायत ते बरंच करतायत. जानेवारी २०१३, ब्राझीलमधलं सांता मारिया शहर, 'किस' नावाचा नाइट क्लब, पार्टी विद्यार्थ्यांनीच ठेवलेली. स्टेजवरच्या बँडने उघड्यावर उडवायची आतषबाजी आत उडवली, छताला आवाज शोषायला लावलेला फोम पेटला. असा फोम जळताना विषारी धूर सोडतो, त्यात सायनाइड असतं. बाहेर पडायला दार एकच. २४२ जण गेले, बहुतेक सगळे तरुण, आणि बहुतेक जण भाजून नाही तर धुराने. तुझी यादी परत वाच आता.

कोल्ड फायरला नाव कोल्ड असलं तरी ठिणग्याच त्या, फोम आणि लोंबतं कापड असलेल्या हॉलमध्ये नकोच. गॅसचे फुगे म्हणजे कोणता गॅस हे फुगेवाल्याला विचार, स्वस्तात मिळतात ते बऱ्याचदा हायड्रोजनचे असतात, मेणबत्ती किंवा सिगरेट लागली की भडका. हेलियम पेटत नाही. केक कापताना तोंडावर उडवतात तो स्नो स्प्रे, त्याच्या डब्यात दाबाखालचा ज्वलनशील गॅस असतो, मेणबत्त्या पेटलेल्या असताना उडवला तर समोरच्याचा चेहरा भाजतो. ड्राय आइसचा धूर सुंदर दिसतो खरा, पण तो कार्बन डायऑक्साइड, जमिनीलगत साठतो आणि बंद खोलीत ऑक्सिजनची जागा घेतो. २०२० मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाच्या पार्टीत स्विमिंग पूलमध्ये पंचवीस किलो ड्राय आइस ओतला होता, तिघे मेले. जनरेटर पण हॉलच्या आत किंवा खिडकीखाली नाही, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाहेर पडायची दारं मोज, सगळी उघडून बघ, आणि त्या रात्री एकालाही कुलूप नको, पडद्याने झाकलेलं नको, पुढ्यात स्पीकर रचलेला नको. घाबरलेला माणूस ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो, दुसरं दार शेजारी असलं तरी त्याला दिसत नाही, म्हणून पार्टी सुरू होताना माइकवर दोन वाक्यांत दारं दाखवायची, लोक हसतील, हसू दे. एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड, त्याला तिसरा अशी माळ लावू नकोस. भराभर उघडझाप करणारा स्ट्रोब लाइट असेल तर दारावर पाटी, फिट येणाऱ्यांपैकी काहींना त्याने झटका येतो.

बाल्कनी असेल तर ती बंदच ठेव. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला विद्यार्थ्यांच्या पार्टीत वरच्या मजल्यावरची बाल्कनी तेरा जणांसह तुटली, सहा गेले. आतलं लाकूड कुजलेलं होतं.

बाकी थीम भारी आहे. काळं कापड अग्निरोधक घे आणि फोमऐवजी लाइटने खेळ.

पार्टीचे फोटो क्लबच्या पेजवर टाकतो, एका मुलीने काढायला लावले आणि उगाच वाद झाला. – सोशल मीडिया हेड

उगाच नाही. तिचा फोटो, तिने काढ म्हटलं की काढायचा, कारण विचारायचं नाही. दारावर ज्यांना फोटो नकोत त्यांना वेगळ्या रंगाचा बँड द्या, आणि झिंगलेल्या माणसाचा फोटो त्याची परवानगी असली तरी टाकू नका, परवानगी पण झिंगूनच दिलेली असते.

घरी जायचं कसं? सगळ्यांकडे गाड्या आहेत आणि सगळ्यांना वाटतं मी ठीक आहे. – पार्किंगवाला

ज्याने घेतलीये त्याला 'ठीक आहेस का' विचारण्यात अर्थ नाही, ज्या मेंदूला विचारतोयस तोच गुंगलाय. जागतिक आरोग्य संघटना ड्रायव्हरच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आणि तरुण, नवशिक्या ड्रायव्हरसाठी ०.०२ टक्के असावी म्हणते, आणि ०.०२ म्हणजे जवळजवळ एका ड्रिंकमध्येच संपलं. म्हणून नियम सोपा ठेवा, प्यायचं असेल तर गाडी आणायची नाही. आणलीच तर किल्ली दारावर जमा, टोकन घ्या, परत जाताना न पिणाऱ्याच्याच हातात मिळेल. तिकिटाच्या पैशातच परतीच्या गाडीचा खर्च धरा, बस असो व्हॅन असो, आणि शेवटची फेरी पार्टी संपल्यावर अर्ध्या तासाने, आधी नको, नाहीतर मागे राहिलेले तेच असतात ज्यांना सर्वात जास्त गरज असते. पोचल्यावर ग्रुपवर 'पोचलो' टाकायचं आणि ते वाचून यादीवर टिक करायला एक जागा माणूस. एक टिक राहिली तरी फोन करायचा.

ताई, सोबर राहायला कुणीच तयार होत नाही. दरवेळी त्याच दोन मुली करतात, आता त्यापण वैतागल्यात. – सेक्रेटरी

वैतागणारच ना, आणि दरवेळी मुलीच का? वर्षभराच्या सगळ्या पार्ट्यांची पाळी आजच लावून टाक, पहिल्या पार्टीला प्रेसिडेंट, सेक्रेटरी, खजिनदार, म्हणजे तुम्हीच. पदाधिकारी पीत बसलेत आणि फर्स्ट इयरची पोरं पहारा देतायत असं दिसलं तर कुणी ऐकणार नाही. ड्यूटीवाल्यांना तिकीट माफ, जेवण आधी आणि गरम, रात्रीतून दोनदा अर्धा अर्धा तास सुट्टी, ओळखू येईल असा टीशर्ट किंवा बँड. त्यांनी एखाद्याला बाहेर काढलं तर दुसऱ्या दिवशी कमिटीने त्यांच्यामागे उभं राहायचं, तो कमिटीचा जिगरी असला तरी. ड्यूटी बदलायची असेल तर बदली माणूस स्वतः आणायचा, नाहीतर त्या रात्रीची पार्टी रद्द, हे एकदा खरंच रद्द करून दाखव, मग पाळीला लोक येतात.